सासरे म्हणतात कुत्रा, लेक म्हणते मांजर

नमस्कार ताई,
मी जुळे सोलापूरला राहते, थर्ड फ्लोअर, लिफ्ट नाही. घरात मी, मिस्टर, सातवीतली लेक आणि सासरे, वय ७१, गुडघे दुखतात. मिस्टर एमआर आहेत, आठवड्यातले चार दिवस लातूर, धाराशिव, विजापूर करत फिरतात. मी नऊला बँकेत जाते ती सहाला येते. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, तेव्हापासून सासरे दुपारभर दार उघडं टाकून जिन्याकडं बघत बसतात. आता त्यांनी हट्ट धरलाय की कुत्रा आणा, मंगळवेढ्याच्या शेतावर आयुष्यभर कुत्री होती म्हणे. लेकीला पाहिजे मांजर. खाली पार्किंगमध्ये एक भुरी मांजर आमच्या स्कूटीच्या सीटवर झोपते, तिलाच वर आणू म्हणते. सासरे म्हणतात मांजर कृतघ्न जात, दत्ताच्या फोटोत चार कुत्री आहेत, मांजर आहे का एक तरी? त्यात परवा त्या मांजरीनं लेकीला ओरबाडलं, मग काय, "बघा, म्हणलो होतो की" सुरू. आम्ही पूर्ण शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मला विचाराल तर दोन्ही नको, कारण शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडणार. पण स्वभावानं खरंच चांगलं कोण, ते सांगा. आणि नाव काय ठेवायचं यावरून पण आधीच भांडणं चालू आहेत.
जुळे सोलापूरची सून

सूनबाई, बाकी सगळं राहू द्या बाजूला, आधी मला सांगा लेकीला ओरबाडलं त्याचं काय केलंत? पत्रात पुढं एक अक्षर नाही त्याबद्दल. रस्त्यावरची मांजर, लस झालीय का नाही कुणाला माहीत नाही, अशा वेळी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली १५ मिनिटं धुवायची असते आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं असतं. रेबीज म्हणजे कुत्रा असं आपल्या डोक्यात बसलंय, पण मांजरीकडूनही होतो. दाखवलं नसेल तर आज जा, सिव्हिलला जा नाहीतर तुमच्या डॉक्टरकडं, "आता चार दिवस झाले की" म्हणून बसू नका, उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते. हळद लावून गप्प बसला असाल तर मी इथूनच रागावायलेय असं समजा.

हां. आता कुत्रा-मांजर.

ओरबाडलं का, तर माझी पैज आहे, लेकीनं पोट चोळलं असणार. मांजर आडवी झाली, पोट वर केलं, मुलांना वाटतं लाड करून घ्यायलीय, आणि हात घातला की चार पायांनी हात धरून कचकन. कुत्रा पोट दाखवतो तेव्हा बऱ्याचदा "चोळ की" असंच म्हणत असतो. मांजर पोट दाखवते तेव्हा फक्त एवढंच सांगते की तुझी मला भीती वाटत नाही, हात लाव असं तिनं कुठंच म्हटलेलं नसतं. आपण कुत्र्याची भाषा थोडीफार शिकलेलो असतो आणि मांजरीलाही तीच लावतो, आणि मग मांजर लबाड ठरते. शेपटीचंच बघा ना. कुत्रं शेपूट हलवतं ते बहुतेक वेळा खुशीत (बहुतेक वेळा, ताठ होऊन थोडं थोडं हलवत असेल तर जवळ जाऊ नका), पण मांजर बसल्या जागी शेपूट सटासटा आपटायला लागली तर ती वैतागलेली असते, अजून दोन मिनिटं हात फिरवला तर पंजा बसणार. खुशीतली मांजर शेपूट सरळ वर उभी धरून येते, टोकाला जरासा आकडा असतो. ते तिचं "या, बसा" आहे.

सासऱ्यांच्या कृतघ्नवर येते, कारण खरं भांडण तिथंच आहे.

कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, लांडगा कळपानं राहणारा, कळपात कोण कुठं आहे, कुणाचं डोकं फिरलंय, यावर त्याचं पोट चालतं, आणि माणसाच्या सोबतीला येऊन त्याला किमान १५,००० वर्षं झाली, आपण शेती करायला लागलो त्याच्याही आधीपासून. शिकारीला ने, राखणीला ठेव, मेंढरांमागं सोड, असं करत करत माणसानं आपलं ऐकणारी कुत्रीच पुढं वाढवत आणली. मांजरीचा पूर्वज एकटा हिंडणारा, एकट्यानं उंदीर मारून एकट्यानं खाणारा. माणूस धान्य साठवायला लागला, धान्यापाशी उंदीर आले, उंदरापाशी मांजर आली, साधारण १०,००० वर्षांपूर्वीची गोष्ट. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी काही शिकवलंही नाही. सासरे मंगळवेढ्याचे ना, ज्वारीचं कोठार म्हणतात त्या भागाला, त्यांनाच विचारा पेवातली ज्वारी वर काढून कणगीत भरली की रात्री उंदरांचं कोण बघायचं, त्यांचा कुत्रा का? कुत्रा आपल्याकडं कामाला लागला, मांजर शेजारी राहायला आली, आता शेजारणीला नोकराच्या हिशोबानं मोजलं तर ती कृतघ्नच दिसणार की.

आणि दत्ताच्या फोटोचं म्हणाल तर बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा करतात त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे, हे सासऱ्यांना सांगा, पण जेवताना सांगू नका, वाद वाढेल.

मी दोन्ही बघितलंय. शुक्रवार पेठेत आमचा वाडा होता, वडील मिलमध्ये, घरात वाघ्या नावाचा तांबडा गावठी कुत्रा आणि मनी, एकाच वेळी. मिलचा भोंगा झाला की वाघ्या जिथं असेल तिथून उठून बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, वडील दिसले की आधी शेपूट हलायची मग कंबर हलायची मग आख्खं कुत्रं हलायचं, सायकलच्या पुढं पुढं पळत घरापर्यंत. मनी ओसरीवर बाजल्याखाली, डोळासुद्धा उघडायची नाही. आई म्हणायची बघा ही महाराणी. वडील यायचे, चपला काढायचे, हातपाय धुवायचे, चहा व्हायचा, वाघ्या एव्हाना आपलं काम झालं म्हणून परत बोळात गेलेला असायचा, आणि मग दहा मिनिटांनी, सगळं शांत झालं की मनी बाजल्याखालून निघून, आळोखेपिळोखे देऊन, वडिलांच्या उजव्या पायाच्या पंजावर येऊन बसायची. नेमकी उजव्याच, का ते देवाला माहीत. आणि मग वडील अर्धा अर्धा तास पाय हलवायचे नाहीत, मुंग्या आल्या तरी. आता सांगा, या दोघांत जास्त जीव कुणाचा? मला आज इतक्या वर्षांनी पण सांगता येत नाही. एकाचं प्रेम बोळाच्या तोंडापासून दिसायचं आणि दुसऱ्याचं बघायला खाली वाकावं लागायचं, एवढाच फरक.

हे नुसतं माझंच नाही, यावर रीतसर अभ्यासही झालेत. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघतात तेव्हा दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं, आई-बाळात वाढतं तेच, हे जपानच्या लोकांनी २०१५ मध्ये दाखवलं. मांजरीबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला प्रयोग झाला, मांजरीच्या पिल्लांना नव्या खोलीत मालकासोबत ठेवलं, मालक दोन मिनिटं बाहेर गेला, परत आला, तर ६४ टक्क्यांच्या आसपास पिल्लं त्याला बघून निवांत झाली आणि परत आपल्या खेळाला लागली, म्हणजे त्याच्या असण्याचाच त्यांना आधार होता. लहान बाळांमध्येही आकडा साधारण एवढाच येतो. आणि माझा आवडता प्रयोग २०१३ चा, तो पण जपानचाच, मांजरींना अनोळखी लोकांच्या हाका ऐकवल्या आणि मालकाची हाक ऐकवली, तर मालकाचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला, कान वळले, डोकं वळलं, पण उठून कुणी आलं नाही.

तर स्वभावानं चांगलं कोण हा प्रश्नच मला पटत नाही. तुमच्या घरात कोण किती वाजता रिकामं असतं, हा प्रश्न विचारायला पाहिजे होता.

आता कुत्रा आणला असं धरा. पिल्लू असेल तर सुरुवातीला दर दोन-तीन तासाला खाली न्यावं लागतं, मोठं झालं तरी दिवसातून तीन-चार वेळा. तीन मजले, लिफ्ट नाही, सासऱ्यांचे गुडघे. ते म्हणतील मी नेतो. नेतील पण, पहिले पंधरा दिवस. आमच्या चुलत सासऱ्यांनी असाच हौसेनं लॅब्राडोर आणला, पिल्लू होतं तोवर खांद्यावर घेऊन फिरले, वर्षात तो ३० किलोचा झाला, आणि एक दिवस जिन्यात खाली मांजर दिसली म्हणून त्यानं झटका दिला, साखळी हाताला गुंडाळलेली, म्हातारे पाच पायऱ्या खाली. खुब्याचं ऑपरेशन झालं. कुत्र्याची काय चूक, तो रोज तसंच ओढायचा, त्या दिवशी फक्त जिना होता.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार होतो, आणि डांबरी रस्त्यावर उघडे पाय. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, ठेवता आली नाही तर त्याचेही पाय भाजणार. म्हणजे फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. (मध्यंतरी विजापूर रोडला एकांच्या दारात हस्की बघितला, बर्फात गाडी ओढणारा कुत्रा, बिचारा कुलरच्या तोंडाला तोंड लावून बसलेला. तसलं काही डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, आणि पग पण नको, बसक्या नाकामुळं त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत.) जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, होम मैदानावर शोभेचं दारूकाम, त्याआधी दिवाळी, लग्नाची वरात तर बाराही महिने, अर्धी कुत्री पलंगाखाली थरथरत असतात. सासऱ्यांच्या शेतावरची कुत्री मोकळ्यावर वाढलेली, साखळी माहीत नसलेली. टू बीएचकेतला कुत्रा वेगळा असतो, त्याला करमत नाही, आणि त्याला करमत नाही हे सगळ्या बिल्डिंगला कळतं.

सोसायटीवाले पाळायला बंदी घालू शकत नाहीत बरं का, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत तशा. पण भुंकण्यावरून होणारी भांडणं त्या सूचना दाखवून मिटत नाहीत.

मग मांजर? थांबा, मांजरीत तुमच्या घरासाठी एक मोठी अडचण आहे आणि ती सासऱ्यांनाही सुचलेली नाही. तुम्ही शाकाहारी. कुत्र्याचं एक वेळ जमतं, तो माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला, त्याला पिठाचं पचतं, डॉक्टरला विचारून नीट आखून दिलं तर मांसाशिवाय जगतो. मांजर नाही जगत. तिला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, तो नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. दूध-भाकरीवर मांजर पोसली असं जुनी माणसं सांगतात ना, ती मांजर बाहेर उंदीर, पाली, चिमण्या खात होती, घरात फक्त डेझर्टला यायची. (गोड चव तर तिला कळतच नाही, ती सायीतल्या स्निग्धाला भुलते.) आणि बऱ्याचशा मोठ्या मांजरींना दूध पचतच नाही, ढाळ लागतात. म्हणजे घरात पाकीट येणार, त्यात कोंबडी नाहीतर मासा असणार, उघडलं की वास येणार. बाल्कनीत वेगळा डबा, वेगळी वाटी, स्वयंपाकघरात काही नाही, असं बसवता येतं, आपल्या सोलापुरात शाकाहारी घरांत मांजरी आहेत आणि त्यांनी असंच बसवलंय. पण आधी सासऱ्यांना विचारा. नाही म्हणाले तर मांजर नको, आणि मग तिला पोळी-दुधावर सुधारायचा प्रयत्न तर अजिबात नको, ते पाप आहे.

ते जमलं तर बाकी सगळं मांजरीच्या बाजूनं आहे बघा. जिना नाही, ट्रे आहे, चाळलेल्या वाळूवर पण भागतं, रोज साफ करायचा. आंघोळ नाही, ती स्वतःच चाटून पुसून चकाचक, आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात ही काय लहान गोष्ट झाली का! रानातल्या पूर्वजांसारखी ती पाणी कमी पिते, पण म्हणूनच उन्हाळ्यात लक्ष ठेवा, दोन-तीन ठिकाणी पाणी, मधून मधून ओलं खाणं, नाहीतर लघवीचा त्रास होतो. दिवसातले १२ ते १६ तास झोपते, तुम्ही नऊ ते सहा बाहेर असला तरी तिचं काही अडत नाही. जागी कधी असते, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला. पहाटे चारला दार खरवडायला लागली की तुम्ही वैतागाल, पण मला सांगा, तुमच्या घरात पहाटे चारला आधीच कोण उठून बसलेलं असतं?

मला हेच म्हणायचंय. तुम्ही पत्रात दाराचं एका ओळीत लिहून पुढं गेलात, मी तिथंच थांबले. दार उघडं टाकून जिन्याकडं बघणाऱ्या माणसाला कुत्रा का पाहिजे, राखणीला? तुमच्या थर्ड फ्लोअरला कोण चोर येणार आहे. त्यांना कुणीतरी घरात आल्यावर आपल्याकडं बघावं एवढंच पाहिजे असेल, आणि ते मांजरीकडून मिळत नाही अशी त्यांची खात्री आहे. पण मांजर जाते कुणाकडं? जो तिच्या मागं लागत नाही, टक लावून बघत नाही, एका जागी गप बसतो, त्याच्याकडं. लेक तिला उचलणार, फ्रॉक घालणार, रील काढणार, आणि मांजर तिथून निसटून जाऊन बसणार सासऱ्यांच्या खुर्चीखाली. मांजर नको नको म्हणणाऱ्याच्या मांडीवरच मांजर सापडते, हे मी इतक्या घरांत बघितलंय. त्यांना एक फक्त शिकवा, ती बघायला लागली की तिच्याकडं बघत डोळे अगदी सावकाश मिटायचे आणि उघडायचे. तीही मिटते. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये हे पण तपासून झालंय, अनोळखी माणसानं असं केलं तरी मांजरी जवळ येतात. सासऱ्यांना अभ्यास सांगू नका, नुसतं करून दाखवा.

कसं करायचं ते सांगते. ती भुरी आजच्या आज वर आणू नका. संध्याकाळी पाचला, रोज पाचलाच, तिची वाटी पार्किंगमध्ये सासऱ्यांनी ठेवायची. ते तसेही एकदा खाली उतरत असतील, नसतील तर आता उतरतील. लेकीनं पंधरा दिवस हात लावायचा नाही, आणि तोवर तिला ओरबाडणारी ही मांजर ठणठणीत आहे ना हेही कळेल, आजारी दिसली, वेड्यासारखी करायला लागली किंवा दिसेनाशी झाली तर डॉक्टरला लगेच सांगा. मग पिंजऱ्यातून जनावरांच्या डॉक्टरकडं न्या, लसी, जंताचं औषध, आणि ती गाभण आहे का ते आधी बघा, कारण पार्किंगमधली भाटी आणि आजूबाजूला बोके, बघायला नकोच. दोन महिन्यांत चार पिल्लं होतात आणि मग तुम्ही मला परत पत्र लिहिता. ऑपरेशन करून घ्या, घ्याच. बाल्कनीला जाळी लावल्याशिवाय वर आणायची नाही, मांजर कशीही पडली तरी बहुतेक वेळा पायावर पडते हे खरं असलं तरी तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर पाय मोडू शकतात. आणि सासऱ्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या बंद डब्यात, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते.

तुमच्या गळ्यात पडणार म्हणालात ते खरं आहे, म्हणून आधीच ठरवून टाका. ट्रे लेकीचा, रोज शाळेच्या आधी, एक दिवस चुकला तर मोबाईल तुमच्याकडं. वाटी सासऱ्यांची. पाकीट आणि डॉक्टरची फी मिस्टरांची, ते गावाला असले तरी फोनवरून पैसे पाठवता येतात की. तुमच्याकडं काहीच नाही. सहाला येऊन चहा घेताना मांजर मांडीवर आली तर बसू द्यायची, नाही आली तर निवांत चहा प्यायचा.

आणि सासऱ्यांचा कुत्रा मी विसरले नाही. पाचला खाली उतरतीलच तर कोपऱ्यावरच्या गावठी कुत्र्यांना दोन भाकरी घेऊन जाऊ द्या, कडक भाकरी असेल तर पाण्यात भिजवून, शेंगाचटणी लावलेली नको, लसूण-कांदा कुत्र्यांना बाधतो. रस्त्याच्या मधे नाही, सोसायटीला विचारून एका बाजूच्या जागेवर. एक तरी तांबडं कुत्रं आठवड्यात त्यांची वेळ ओळखायला लागेल आणि गेटपर्यंत सोडायला येईल, आणि त्याला तीन मजले चढवायला नकोत.

राहता राहिलं नाव. लेकीनं काहीतरी लूना-सिंबा ठरवलंच असेल, ठेवू द्या, सासरे मनीच म्हणणार आहेत. दोन्ही हाका तिला कळतील, उठणार मात्र ती पाकिटाच्या आवाजालाच.